नम्रचा हेवी वर्ड

राजारामपुरीत एका बेकरीच्या माडीवर आमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. सर भर उन्हाळ्यातही टाय लावायचे आणि साध्या इंग्रजीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. बिगिन म्हणणारा खेडवळ, कमेन्स म्हणणारा साहेब, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. असल्या शब्दांना ते 'हेवी वर्ड' म्हणत. फळ्यावर शब्द, शेजारी मराठी अर्थ, आणि आम्ही पाढ्यासारखे घोकायचो. एका मुलीनं त्यातल्या एका शब्दाचं वाक्य करून मागितलं, तर म्हणाले, वाक्य तुमचं तुम्ही करा, मी माल देतोय. माल म्हणे! गूळ बाजारातला अडत्यासुद्धा ढेप फोडून दाखवतो. ह्यांना वाक्य येत असतं तर दाखवलं असतं ना.

त्यांनीच एकदा सांगितलं, हंबल म्हणजे नम्र, आणि त्याचा हेवी वर्ड सर्व्हाइल. मी तो पाठ करून टाकला.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, पेठ वडगावात कापडाचं दुकान होतं. दुकानात त्यांचा आवाज रस्त्यापलीकडं जायचा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पटलं नाही तर 'पावणं, दुसरीकडं बघा' म्हणून मोकळे व्हायचे. तोच माणूस माझी चौकशी करायला क्लासवर आला की चपला जिन्यातच काढायचा आणि वयानं कितीतरी धाकट्या सरांपुढं हात जोडून उभा राहायचा. सर मान वर न करता उत्तरं द्यायचे. मला सरांचा संताप यायचा, आणि खोटं कशाला बोलू, आप्पांचाही.

पुण्यात तेव्हा फोनवर इंग्रजी बोलायच्या नोकऱ्या नव्यानं निघाल्या होत्या. मला तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वडिलांविषयी बोलायला सांगितलं. मी ठसक्यात म्हटलं, माय फादर इज अ सर्व्हाइल मॅन.

बाई थबकल्या. मग मराठीत म्हणाल्या, "या शब्दाचा अर्थ माहीत आहे तुला?"

नम्र, मी म्हटलं.

"नाही गं. लाचार. दुसऱ्यापुढं वाकून उभा राहणारा."

नोकरी गेली हे तिथंच कळलं. परतीच्या एसटीत सरांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग सरांपुढं हात जोडून उभे असलेले आप्पा आठवले आणि लक्षात आलं, त्या दीडशहाण्यानं वर्षभरात एवढा एकच शब्द बरोबर शिकवला होता, आणि तोही चुकून. त्यानंतर मात्र रडूच आलं.

घरी आप्पा वाट बघत होते. झालं नाही म्हटल्यावर म्हणाले, "असू दे. उद्या सरांस्नी भेटतो, पुढच्या बॅचला घालतो तुला."

"तिथं खुर्ची असती की, आप्पा," मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही उभंच का ऱ्हाता?"

त्यांनी जरा विचार केला.

"त्यांनी कधी बसा म्हटलं न्हाय," ते म्हणाले.