बाळंतिणीसाठी भेकर

माझं दुसरं बाळंतपण सासरी, चांदीपला झालं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोरगा पंधरवड्याचा झाला तरी मला दूध पुरेना. हळीव झाले, मेथी झाली, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. तो रडून रडून काळानिळा व्हायचा आणि वरचं दूध ओकून टाकायचा. दिवसेंदिवस वाळत चालला होता. बघायला येणारी प्रत्येक बाई मलाच चार शब्द ऐकवून जायची. अस्सा राग यायचा! मी काय दूध लपवून ठेवलं होतं?

सासूबाईंचं एकच पालुपद: भेकराच्या हाडांचा रस्सा पाजा, अंगावर दूध येतंच येतं. भेकर म्हणजे रानातलं लहान हरीणच, आणि शिकारीला बंदी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासऱ्यांची बंदूक तर कधीची माळ्यावर पडून होती. पण नातवाचं रडणं त्यांना ऐकवेना. एका संध्याकाळी ते डोंगराकडच्या वालाच्या शेतावर गेले आणि दिवेलागणीला भेकर खांद्यावर घेऊन आले. मी आगाशीची, वाडीतली, मासळीवर वाढलेली. तरी खरं सांगते, मला आनंदच झाला.

घरची माणसं परसात कंदील लावून सोलायला बसली. थोड्या वेळाने सासरे माझ्या दाराशी आले. बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्याने पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ते उंबऱ्याबाहेरच, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाय, चूक झाली. झाडीत मला शिंगं दिसली असं वाटलं. मादी निघाली. दुधाची."

"अहो, हिला कशाला सांगता!" सासूबाई चुलीपासून कडाडल्या.

"खोटं सांगून नाय पाजनार. जन्मात मी मादीवर बार टाकला नाय. बाय, प्यायचं का नाय ते तू ठरव."

मला त्यांचा संताप आला. आणलंत ना, मग गपचूप वाढायचं! माझ्या गळ्यात कशाला? तिकडे रानात तिचं पाडस वाट बघत असणार, आणि इकडे माझं पोर कोरडंच चोखत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "आणा." रस्सा बिनतिखटाचा होता. मी वाटी संपवली.

दूध आलं. रश्श्याने की गोळ्यांनी, देव जाणे. पोरगा पोटभर पिऊन झोपायला लागला. शेजारीपाजारी मटणाचे वाटे गेले, घरातल्यांनी खाल्लं. सासऱ्यांनी मात्र त्याला हात लावला नाही. रोज संध्याकाळी ते बंदूक न घेता वालाच्या बांधावर जाऊन बसायचे, पाडस दिसतं का बघायला.

एकदा ते परतले तेव्हा मी पोराला पाजत होते. दाराबाहेरून त्यांनी विचारलं, "पितो का?"

"पितो, बाबा." मग मला राहवलं नाही. "ते पाडस दिसलं का हो?"

त्यांची पावलं दारापासून ओटीकडे वळली.

"तू पाज त्याला," ते म्हणाले.