हौसाक्कांना विचारून

भूपालअण्णांची ओळख माझ्या लग्नात झाली. आष्ट्यात त्यांचा फोटो स्टुडिओ, लग्न मलकापूरला. पाठवणीच्या वेळी माझे वडील मांडवामागं जाऊन रडू लागले. एका पाहुण्यानं अण्णांना फोटो काढायला तिकडं बोलावलं, तर ते म्हणाले, "आवं, मांडवाच्या पुढचं माझं काम. मागं मी कशाला जाऊ?"

नंतर ते सगळे फोटो घेऊन घरी आले. अल्बममध्ये काय लावायचं ते घरच्यांनी ठरवायचं, ही त्यांची रीत. माझ्या आत्यानं स्वतःचे एकामागून एक फोटो बाद केले, माझ्याबरोबरचेही. "आत्याबाई, नवरीचा तरी एक ठेवा," एवढंच अण्णा म्हणाले.

सत्तरीत त्यांनी स्टुडिओ मुलीकडं सोपवला आणि पहिला माहितीपट हाती घेतला. विषय होता महापुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावात घरी परतलेली माणसं. संकलन हा माझा व्यवसाय, म्हणून ते मी केलं. त्या दिवसांत गावात कॅमेऱ्यांचा नुसता सुळसुळाट होता. फोटो निघेपर्यंत देणारा मदतीचं पोतं हातातून सोडत नसे. एका म्हातारीला तर चित्रणासाठी पुन्हा चिखलात उतरवलं. अण्णा मात्र सुरुवातीला कॅमेरा पिशवीत ठेवून लोकांची भांडी घासू लागले.

हौसाक्का तिथं एकट्या राहत. भिंतीवरची पाण्याची खूण दाखवता दाखवता त्या पुण्यातल्या मुलावर घसरल्या. पुरात तो आला नव्हता. कॅमेऱ्यासमोर त्यांनी त्याला नको ते शाप दिले. इतकं खरं चित्रण माझ्या हातात कधी आलं नव्हतं.

माहितीपट पुरा करण्याआधी अण्णांनी तो गावच्या शाळेत दाखवला. हौसाक्का उठल्या.

"अण्णा, तेवढं काढा. लय रागात हुते मी. पोरगं बघंल."

"काढतो, आक्का."

"आन् माझं पातळ किती चिखलाचं दिसतंय!"

"ते न्हाई काढणार. पुरात काय पैठणी नेसणार हुता?"

सगळी शाळा हसली.

ज्या संस्थेच्या महोत्सवात माहितीपट लागणार होता, तिनं बजावलं: तो प्रसंग ठेवा, नाहीतर माहितीपट नको, संमतीपत्रावर बाईंची सही आहे, मग अडचण काय? अण्णा म्हणाले, "सही त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून केली. ती त्यांच्यावरच उगारू?" माहितीपट महोत्सवाबाहेर राहिला. वर 'लग्नाचा अल्बम' म्हणून चेष्टा झाली.

प्रसंग काढल्यानं माहितीपट कमकुवत झाला, असं मला आजही वाटतं. काढला ते योग्यच झालं, असंही वाटतं. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आता अण्णांच्या अमृतमहोत्सवात तीच संस्था पुढे आहे. पत्रिकेत 'संवेदनशील दिग्दर्शक' असे शब्द आहेत. आणि तिथूनच मला फोन आला: तो 'न पाहिलेला प्रसंग' सत्काराच्या पडद्यावर दाखवू. मी सांगितलं, हौसाक्का येणार आहेत, आणि त्यांना घेऊन येणारा त्यांचा मुलगाच आहे. पलीकडून उत्तर आलं, "मग तर फारच परिणाम होईल!"

माणसाच्या खांद्यावर शाल घालायची आणि त्यानं ज्यासाठी अपमान सोसला तेच त्याच्या डोळ्यांदेखत मोडायचं, याला गौरव म्हणतात? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णांना सांगितलं. "हौसाक्कास्नी इचार," ते म्हणाले.

विचारलं. "अजून हाय व्हय ते?" त्या घाबरल्याच. "पुसून टाक गं बाई!"

पुसून टाकलं. संयोजकांनी पुन्हा मागू नये.

अण्णांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांच्या हातून दुसरा माहितीपट होवो. सत्काराच्या दिवशी हौसाक्का मुलाच्या शेजारी बसतील. त्यांना निवांत बसू द्यावं.