सालेकसाची फुलं

टोपलीवरचं ओलं फडकं मी काढलं. आत केशरी रंगाची एक पाकळीही नव्हती. फिकट पिवळी, बोराएवढी, रसाने भरलेली फुलं काठोकाठ. आणि तो गोड, जड वास. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हा वास शेंबड्या पोरालाही कळतो. मोहफुलं!

"मंगरूभाऊ, हे काय आणलंत?"

"फुलं," तो शांतपणे म्हणाला. "तुमीच त सांगतलं ना जी. पहाटे वेचलेली, ताजी, चार टोपल्या."

अकराला लग्न होतं. बौद्ध पद्धतीचं. त्यात सगळ्यांसमोर पंचशील म्हणतात आणि पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. मोहाची दारू होते हे कुणाला सांगायला नको. आणि मी हॉलच्या दारात मोहाच्या चार टोपल्या घेऊन उभी.

गोंदियात मी बावीस वर्षं लग्नांची फुलसजावट करते. एवढी मोठी चूक कधी केली नव्हती. ती कशी झाली ते सांगते.

नवरी प्रज्ञा कॉलेजात इतिहास शिकवते. तिला लग्नाची थीम हवी होती सम्राट अशोकाच्या काळाची. मला वाटलं, आपलं नेहमीचंच. थर्माकोलचे खांब, वर सिंह आणि सगळीकडे झेंडू. मी फुलांची यादी दिली. बाईंनी लाल पेन काढलं आणि पेपर तपासावा तशी ती तपासली. पहिली काट झेंडूवर.

"काऊन गं? झेंडूशिवाय लग्न होते का?"

"ताई, झेंडू अमेरिकेकडचा. पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. अशोकाने झेंडू पाहिलाच नाही."

"मग निशिगंध?"

"तोही तिकडचाच."

"जरबेरा?"

ती नुसती हसली.

आमच्या धंद्यात झेंडू म्हणजे बेस. आधी त्याने सगळं झाकायचं, मग वर महागडी चार फुलं खोचायची. बेसच काढला तर उरतं काय? मला राग आला. पण घरी येऊन शोधलं, तर पोरीचं खरं होतं. देवाला वाहिलेला आणि दसऱ्याला दारावर बांधलेला झेंडू पाहुणा निघाला! त्या दिवसापासून मी तिला मानायला लागले.

शेवटी उरली कमळं, मोगरा, सोनचाफा, आंब्याची पानं. सगळं पांढरं-पिवळं. रंगासाठी मी पळस सुचवला आणि तिने यादीवर पहिल्यांदा बरोबरची खूण केली. बौद्ध लग्नात अक्षता नसतात, फुलांच्या पाकळ्या उधळतात. त्या पळसाच्या असणार होत्या.

पण शहराजवळचा पळस तोवर संपत आला होता. सालेकसाच्या जंगलात मिळेल म्हणून मी मंगरूभाऊला फोन लावला. तो मला दरवर्षी रानातलं सामान देतो. रेंज जाऊन राहिली होती. मी ओरडले, "चार टोपल्या फुलं! सकाळी वेचलेली!" महिनाभर माझ्या डोक्यात पळसच होता. पळस हा शब्द तोंडातून निघालाच नाही, हे मला तेव्हा कळलंही नाही.

"चैतात आमच्याकडे फुलं म्हंजे मोह," मंगरूभाऊ म्हणाला. "पळसाले आमी पळस म्हणतो."

चूक माझीच होती.

तेवढ्यात प्रज्ञाची आई, शकुनबाई, आली. वास आला तशी ती थबकली. पुढे होऊन तिने टोपलीवर फडकं ओढलं.

"झाका ताई हे. नागपूरची नवरदेवाकडची मंडळी बाहेर चहा पिऊन राहिली. म्हणतील, यांच्या घरी मोह चालते." तिने फडक्याच्या कडा आत खोचल्या. नवऱ्यामागे मजुरी करून तिने मुलीला शिकवलं होतं. आज तिला कुणाकडून शब्द ऐकायचा नव्हता.

प्रज्ञा बाहेर आली. अर्धा मेकअप झालेला. तिने फडकं उचलून पाहिलं.

"आई, याच्याच माळा करायचीस ना माझ्यासाठी?"

"तवा दुसरं काई नव्हतं म्हणून."

"मला आज तीच घालायची आहे."

"लोक हसतील गे."

"झेंडू त्या काळातला नाही म्हणून मी काढला. हा तर तेव्हाही होता, आणि आपल्या घरातही होता."

मी बौद्धाचार्यांकडे धावले. लग्न लावणारे हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांनी ऐकून घेतलं.

"शील दारू न पिण्याचं आहे बाई, फूल न हुंगण्याचं नाही. झाडाने कधी भट्टी लावली का?"

तरी धंद्याची अडचण होतीच. मोहफूल पायाखाली आलं की चिकट होतं, माणूस घसरतो. म्हणून उधळायला मोगरा ठेवला आणि मोहाच्या फक्त माळा करायच्या ठरल्या. मी सुई-दोरा घेऊन बसले. तीन फुलं चिरडली.

"सुई नको," शकुनबाई म्हणाली. "फुलाले छेद असतेच. आणि बोटात जोर नको. पिकल्या बोराले धरता तसं धरा."

तिची बोटं चालू लागली. बघता बघता तिच्या बहिणी येऊन बसल्या. कुणी कुणाला शिकवलं नाही. तासाभरात दोन माळा तयार, एकही फूल फुटलेलं नाही. बावीस वर्षांच्या माझ्या हातांना ते जमलं नसतं. मी गुपचूप मोगरा निवडत बसले आणि बघत राहिले.

प्रज्ञाच्या पांढऱ्या साडीवर ती माळ अशी दिसली की माझ्या सगळ्या कमळांकडे कुणी पाहिलंच नाही. नवऱ्याची आई पुढे आली.

"ही कसली हो माळ? मोती आहेत का?"

मी 'जंगली चमेली' म्हणायची तयारी ठेवली होती. शकुनबाईने मला तोंड उघडू दिलं नाही.

"मोह आहे जी. मी वेचत होती. यावरच पोरीले वाढवली."

मग विहीणबाईंनी माळ हातात घेऊन वास घेतला.

"माझी आई याचे लाडू करायची," त्या म्हणाल्या. "एखादी माळ उरली आहे का, मला?"

शकुनबाई रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

आता मी ऑर्डर घेताना फुलाचं नाव लिहून घेते. सालेकसाला फोन असेल तर दोनदा म्हणवून घेते. झेंडू लावतेच, पोट त्याच्यावरच चालतं. पण थीम कुठल्याही राजाची असो, यादी करण्याआधी नवरीच्या आईला गाठते आणि विचारते, "तुमच्याकडे कोणतं फूल वेचत होते?"