नळ्यांत कोंबलेले बोळे

ट्रकचा डिझेल पंप चोरीला गेला नव्हता. तो मी खोलून नेला होता. हे बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि आता ती ऐकायला नाही.

ट्रक आष्टीत, मास्तरच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभा असायचा. लांब नाकाचा, जुना. जुन्या जालन्यातल्या एका सरकीवाल्याच्या आवारातून आम्ही दोघांनी मिळून तो ओढून आणला होता. मास्तर माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो शाळेत शिकवायचा, मी खत-बियाण्यांचं दुकान चालवायचो. रविवार उजाडला की दोघं ट्रकखाली. हाताखाली त्याचा चुलत भाऊ असायचा, आमच्याहून चलाख.

मग बायकोचं दुखणं निघालं. पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं. दुकान दुसऱ्याला दिलं, त्याचं एवढं काही वाटलं नाही. ट्रकचं मात्र वाटलं. मी नसताना हे दोघं तो चालू करतील, भाऊ-भाऊच ते, आणि मी येईपर्यंत ट्रक त्यांचा झालेला असेल. मास्तर नुसता म्हणाला, "तू बिनघोर जा गड्या, इथलं मी बघतो." मला त्या 'मी बघतो'चाच संशय आला.

पंपाशिवाय इंजिन चालू होणार नव्हतं. निघायच्या आदल्या दुपारी तो शाळेत असताना मी पंप खोलला आणि गोणपाटात गुंडाळून सामानात टाकला.

काही वर्षांनी बायको गेली. पुण्यात राहायला कारण उरलं नाही. परत आलो, पंपासकट.

ट्रकवर ताडपत्री बराबर बांधलेली होती. इतकी वर्षं बंद इंजिन जाम व्हायला हवं. मी पुढच्या पुलीला पाना लावून ओढलं, तर ते फिरलं. झालं, यांनी इंजिनच बदललं म्हणून मी फडक्यानं इंजिनवरचा नंबर पुसून बघायला लागलो.

"नंबर तोच हाये," मागून मास्तर म्हणाला. "आत तेल सोडून हातानं फिरवत आलो दर महिन्याला. काय तपासून राह्यला?"

मी फडकं खिशात घातलं.

"पंप तेवढा गेला," तो म्हणाला. "तू गेल्यावरच्या रविवारी बघतो तं जागेवर न्हाई. वहिनीचं चालू व्हतं, म्हणून तुला बोललो न्हाई."

"चोर?" मी विचारलं.

"चोर कशाचा. बोल्ट आपापल्या भोकात परत लावलेले, नळ्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे. चोर एवढा टापटिपीचा असतो का?"

हा आमचाच नेम होता. काहीही खोललं की बोल्ट जागच्या जागी अडकवायचे आणि धूळ जाऊ नये म्हणून नळ्यांत बोळे कोंबायचे. पंप पळवतानाही माझ्या हातांनी तो पाळला होता.

"म्हंजे आपल्यातलाच," मास्तर म्हणाला. "तू तं बायकोच्या दवाखान्यात. मंग राह्यलं कोण?"

भावाला त्यानं चारचौघांत विचारलं होतं. भाऊ तिथून उठला आणि बिऱ्हाड घेऊन जाफराबादला गेला. तिथं तो जीप चालवतो. "पोरीच्या लग्नाचं बोलावणं आल्तं," मास्तर म्हणाला. "गेलो न्हाई."

हे बोलताना तो माझ्याकडेच बघत होता. याला ठाऊक आहे, असं मला वाटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जालन्यात भंगारवाल्यांकडं बघतो."

पुढच्या आठवड्यात पंप नेऊन त्याच्यासमोर ठेवला. आम्ही छन्नीनं केलेली खूण त्यानं अंगठ्यानं चाचपली.

"आपलाच हाये."

"भंगारात सापडला."

त्यानं बोट आत फिरवून तेलाचा वास घेतला. "लई जपला गड्या त्या भंगारवाल्यानं."

मी नळ्यांतले बोळे काढायला वाकलो.

"म्हंजे विकलाच यानं," मास्तर म्हणाला. "उगाच मनाला खात होतं, भावावर खोटा आळ घेतला का म्हणून. चल, आज कळलं."

मी पाना उचलला. संध्याकाळपर्यंत आम्ही पंप बसवला.

तेव्हापासून दर रविवारी मी त्याचा चेहरा निरखतो. त्यानं मला बोलायला वाट करून दिली होती, की खरंच फसला, अजून कळत नाही. पण त्याला ठाऊक असलं काय, नसलं काय, माझं देणं कमी होत नाही. मास्तरला सोबत घेऊन जाफराबादला जायचं आणि त्याच्या भावाच्या दारात सांगायचं की पंप मी नेला होता. अजून गेलेलो नाही.