टाकेबाईंचा बारा चादरींचा पडदा

...तर तो नायक गोळी लागून पडलेला, शेवटचे श्वास घेतोय, सगळ्या चौकात मुसमुसणं चाललंय, आणि त्याच्या गालावर हा एवढा निळा तीळ! मागच्या दृश्यात तोच तीळ खलनायकाच्या कपाळावर होता. त्याआधी घोड्याच्या पोटावर. आमच्या चौकात नवीन आलेला एक पाहुणा मला कानात विचारतो, "आजोबा, या सिनेमात सगळ्यांनाच तीळ कसा?" मी म्हटलं, "गप बसा, तो सिनेमातला नाही, तो आमचा आहे."

तो डाग होता शाईचा, पडद्यावरचा. आणि पडदा होता टाकेबाईंचा. खरं नाव वेगळं, पण दवाखान्याच्या शिवणखोलीत सव्वीस वर्षं टाके घालत बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिथे फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे गठ्ठ्यांनी यायचे. बाई नुसत्या फाटण्यावरून वॉर्ड सांगत. कोपरा चघळलेला असला तर लहान मुलांचा. मधोमध जळकं भोक असलं तर पुरुषांचा, चोरून विडी ओढलेली. आणि दोन्ही कडा मुठीत धरून टरकावलेल्या असल्या तर बाळंतिणींचा. "तेवढ्या चादरी मी दुहेरी टाक्यानं शिवते," म्हणायच्या, "पुढचीला ओढायला बऱ्या."

आमच्या तीन इमारतींच्या मधे चौक आहे. उन्हाळ्यात दर शनिवारी, दिवे लागायच्या सुमाराला, तिथे फुकट सिनेमा असतो. मधूनमधून गाणी, बाहुल्यांचा खेळ, पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन. बावीस वर्षांपूर्वी सुरू झालं तेव्हा यंत्र मिळालं होतं उसनं, पण पडदा नव्हता. टाकेबाई म्हणाल्या, बारा घरांनी एकेक पांढरी चादर द्या, मी जोडते. चार आडव्या, तीन उभ्या. मोठमोठे सैल टाके, म्हणजे उन्हाळा संपला की एक दोरा ओढायचा, पडदा सुटा. मग चादरी धुऊन, इस्त्री करून, ज्याची त्याला परत. ओळखीला प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके.

आमच्या घरची चादर मात्र कधीच घेतली नाही. आमची मंडळी, देव तिच्या आत्म्याला सुखी ठेवो, मोठ्या लाल फुलांच्या चादरींशिवाय दुसरी चादर घरात येऊ देत नसे. टाकेबाई दारातूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "नको भाऊ, नायिका बागेत हरवायची." म्हणून मला काम दिलं चादरी घरोघर पोचवायचं. बावीस वर्षं तेच करतोय. पाय चांगले आहेत आणि प्रत्येक दारात दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, त्यामुळे बारा घरांना चार दिवस लागतात.

पहिल्या वर्षी अकराच चादरी जमल्या. बाराव्या घरानं ऐन वेळी हात वर केले. टाकेबाईंनी मग आपल्या मुलीच्या अंथरुणावरची चादर ओढून काढली. पोरगी तेव्हा आठ वर्षांची. पालथी पडून अभ्यास करायची, नि सहा वर्षांची असताना दौत लवंडवून चादरीवर निळा डाग पाडून ठेवलेला. आता तो सगळ्या लोकांना दिसणार म्हणून तिनं काय भोकाड पसरलं होतं! पण पहिल्याच शनिवारी तो डाग एका राणीच्या नाकावर बसला आणि सगळा चौक हसला, तशी ही उठून उभी राहिली, "तो माझा आहे, माझा!" तेव्हापासून दर उन्हाळ्याला ती चादर त्याच जागी. मधल्या ओळीत, डावीकडून दुसरी.

मुलगी मोठी झाली ती चित्रं काढतच. कुठला सिनेमा आहे याच्या पाट्या तीच रंगवायची. एकविसाव्या वर्षी एका फिरत्या नाटक मंडळीनं तिला मागचे पडदे रंगवायला बोलावलं. आई म्हणाली, नाही. मुलगी म्हणाली, जाणार. बाप पोरगी दोन वर्षांची असताना गेलेला, मधे पडायला कुणी नाही. मी जिन्यात उभा होतो, मीही पडलो नाही. आईचे शब्द मी या कानांनी ऐकले, "गेलीस तर हे दार पुन्हा नाही." मुलगी गेली. शब्दाची पक्की, आईवरच गेलेली. नऊ वर्षं झाली.

मधे एकदाच बातमी आली. आमच्याकडे यंत्र चालवतो तो वायरमन, त्याची मेहुणी दुसऱ्या गावी असते. चार वर्षांपूर्वी तो तिकडे गेला असताना ती नाटक मंडळी तिथे आली होती. मुलगी त्याला भेटली. आई कशी आहे, विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पडद्यावर डाग अजून दिसतो का?" तो म्हणाला, दिसतो की. ती म्हणाली, "बरं." झालं. हे बोलणं टाकेबाईंनी वायरमनकडून किती वेळा वदवून घेतलं असेल! "बरं म्हणाली का? कसं म्हणाली? हसून?" वायरमन बिचारा शेवटी हसूनच म्हणाली असं सांगायला लागला. आणि यंदा ती मंडळी पुन्हा त्याच गावी आहे, वायरमन पहिल्या खेळानंतर सोमवारी तिकडे निघणार, हे टाकेबाईंना महिनाभर आधीपासून माहीत होतं.

आता मुद्द्याचं. मला ते सांगायला आवडत नाही, पण सांगायला हवं, कारण चूक माझी.

पहिल्या खेळाच्या आधीच्या रविवारी टाकेबाईंनी मला हाक मारली. ट्रंक उघडी, मांडीवर चादर.

"भाऊ, हा दोरा कुठला?"

"निळा. तुमचाच."

"खिडकीपाशी या."

खिडकीपाशी गेलो. दोरा हिरवा होता. चादर पूर्ण उलगडलेली होती आणि तिच्यावर डाग नव्हता.

गेल्या वर्षी चादरी पोचवताना आमच्या जिन्यात तो पिवळा दिवा होता. त्याच्या उजेडात निळं आणि हिरवं जुळी भावंडं. खिडकीपाशी जाऊन बघायचं, तर मी पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनर शेजाऱ्याला आमच्या गुरुजींच्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगण्यात रंगलेलो. हिरवी इथे दिली, निळी तिसऱ्या मजल्यावर. टाकेबाई तर ती चादर वर्षभर उलगडतच नाहीत, घडी तशीच ट्रंकेत ठेवतात. त्यामुळे वर्षभर कुणाला पत्ता नाही.

"हिरवी तिसऱ्या मजल्याची," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बेताचा. "जाऊन बदलून आणा. त्यात काय एवढं."

मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी हिवाळ्यात वारली. आता तिथे तिचा मुलगा आणि सून राहायला आलेत, सव्वा महिन्याचं बाळ आहे. दार उघडंच होतं. समोर गॅलरीत दोरीवर ओळीनं लहान लहान पांढरे चौकोन वाळत होते. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

"दम लागला का आजोबा?" सून पाणी घेऊन आली.

"हे कापड कुठलं गं?"

"सासूबाईंच्या कपाटात एक चादर होती. काय मऊ झालेली! दुपटी नि लंगोट केले. का हो?"

"एकावर डाग होता का? निळा?"

"हो, शाईचा. ते बाळाला कसं घालणार? स्टोव्ह पुसायला घेतलं होतं." ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "मागच्याच आठवड्यात टाकलं. आजोबा, काय झालं? कुणाची होती ती?"

मी सांगितलं. नको होतं सांगायला, पण मला थापा पटकन सुचत नाहीत. मला फक्त खऱ्या गोष्टी लांबवता येतात.

खाली आलो. टाकेबाई सुईत दोरा ओवत होत्या. मी सगळं बोललो, एका दमात, जन्मात पहिल्यांदा. त्यांनी दोरा ओवून पुरा केला.

"डागाचा तुकडा?"

"टाकला."

त्यांनी शिलाई मशीनवर लाकडी झाकण ठेवलं. "बरं," म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, मुलगी ते 'बरं' कसं म्हणाली असेल. वायरमन म्हणतो तसं हसून नसणार.

सोमवार गेला, मंगळवार गेला. अकरा चादरी त्यांच्या खाटेवर तशाच. एरवी या दिवसांत त्यांच्या मशीनची खडखड चौकभर ऐकू येते. इतकी सवय की ती थांबली तर लोक गच्चीवरून वाकून बघतात. बुधवारी पेन्शनर म्हणाला, "यंदा भिंतीवरच दाखवू." भिंतीला हिरवा रंग आहे. वायरमन म्हणाला, "चालेल, सगळे आजारी दिसतील." कुणी हसलं नाही.

बुधवारी संध्याकाळीच सून खाली आली. सगळे तेरा तुकडे, इस्त्री करून, कडेला कडा लावून. डोळे सुजलेले.

"मावशी, जोडता येतील का? एक कमी पडेल, तेवढं मी माझ्याकडचं देते."

टाकेबाईंनी गठ्ठा हातात घेतला. वरचा तुकडा बोटांनी चाचपला, शिवणखोलीत चाचपत असतील तसा. मग परत दिला. "घरी घेऊन जा. बाळ ओलं राहील."

"पण मावशी..."

"कडा दुमडून शीव. सुटे दोरे त्याच्या बोटात अडकतात."

सून रडत वर गेली. मी तिथेच होतो, आणि मला वाटलं आता आपण काहीतरी केलं पाहिजे. आमचे शाळेतले गुरुजी म्हणायचेच, हा मुलगा विचार करायला लागला की पाटी लपवा. गुरुवारी सकाळी मी शाईची बाटली विकत घेतली. हिरवी चादर खाटेवर होतीच, आणि तीही चांगलीच जुनी, पांढरी. टाकेबाई मागे भांडी लावत होत्या. मी बूच काढलं.

"काय करताय?"

"एक डाग टाकतो. त्याच जागी. वायरमनला 'हो, दिसतो' म्हणता येईल. एवढ्या लांबून कुणाला कळतंय?"

सव्वीस वर्षं दवाखान्यात कुणावर आवाज न चढवलेली बाई. माझ्या हातातून बाटली अशी हिसकावली की माझीच बाही निळी झाली.

"तो डाग सहा वर्षांच्या पोरीनं पाडला होता! तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात! चला, निघा!"

निघालो. घरी येऊन बाही धुतली, निघाली नाही. आमच्या मंडळीच्या फुलांच्या चादरीवर बसून राहिलो. शेजारच्या मुलांनी गोष्ट सांगा म्हणून दार वाजवलं तरी उठलो नाही. खरं सांगतो, सुचलीच नाही.

शुक्रवारी दुपारी वायरमन माझ्याकडे आला. हातात पेचकस, चेहरा पडलेला.

"आजोबा, उद्या खेळ आहे, पडदा नाही. तो एक प्रश्न. दुसरा असा की सोमवारी मी जाणार. ती भेटली, आणि तेच विचारलं, तर काय बोलू? हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर ती काय समजेल? आईनं काढून टाकला म्हणेल."

"हे मला कशाला विचारतोस?"

"मावशींना विचारायची हिंमत नाही. तुम्ही चला ना. तसेही तुम्ही एकदा शिव्या खाल्ल्याच आहेत."

तर आम्ही दोघं गेलो. दार लोटलेलं होतं. टाकेबाई मशीनपुढे बसल्या होत्या, झाकण काढलेलं. पायाशी चादरी. सैल टाक्यांनी पहिली ओळ जोडून झाली होती, तिसरीही. मधल्या ओळीच्या दोन चादरी उजवीकडे जोडलेल्या, डावीकडे एक लोंबत होती. हिरव्या दोऱ्याची चादर तिच्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या ओळीत. ती तिथून काढून आपल्या मुलीच्या जागी त्या लावणार नव्हत्या, हे न बोलता कळलं. मधे, डावीकडून दुसरी जागा रिकामी.

वायरमननं मला कोपर मारलं. मी घसा खाकरला.

"बाई, उद्याचं काय? आणि हा सोमवारी जातोय. तिनं विचारलं, डाग अजून दिसतो का, तर यानं काय सांगायचं?"

त्यांनी चाकावर हात ठेवला. नंतर माझ्या निळ्या बाहीकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"भाऊ, तुमच्या मंडळीची फुलांची चादर घेऊन या, मधे तीच बसवते, हरवू दे नायिका बागेत. कोपऱ्यात लाल दोरा घालीन, तो तरी ओळखा. आणि तू रे, तिला खरं ते सांग. डाग गेला म्हणावं, आई आहे. आणि दार उघडं आहे, ते मी चिडून बोलले होते."