हात लावू देणारं संग्रहालय

हुपरी ते कोल्हापूर म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या चांदीकामाच्या घरातली बाई लग्नकार्याशिवाय गावाबाहेर पडत नाही. मला तो रस्ता काशीइतका लांब.

रविवारी सकाळी मी, सात वर्षांची श्रेया आणि चार वर्षांचा आयुष असे तिघं गाडीत बसलो. कोल्हापुरात मुलांसाठी नवं संग्रहालय निघालंय, तिथं प्रत्येक वस्तूला हात लावून बघता येतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. पोरांना एक दिवस तरी मनसोक्त खेळू द्यायचं, एवढाच माझा हट्ट होता. "हात लावायला घरात काय कमी हाय?" असं सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याशी भांडूनच निघाले.

मुडशिंगीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली आणि आयुषनं माझ्या इस्त्रीच्या साडीवर उलटी केली. शेजारच्या म्हाताऱ्यानं खिशातून लिंबू काढून दिलं.

"कुठं निघालाय पावणं?"

मी सांगितलं.

"खेळायला कोल्हापूरला? का, हुपरीतली माती सपली?"

अर्धी गाडी हसली. मला हसू आलं नाही.

स्टँडजवळ मिसळ मागवली. पोरांसाठी कट (वरचा झणझणीत रस्सा) नको म्हटलं, तर हॉटेलवाला म्हणतो, "कटाबिगर मिसळ म्हंजे नुसतं फरसाण की वैनी!" आणि त्यानं घातलाच. पोरांनी कोरडा ब्रेड खाल्ला. साडीचा वास लपवत मी रिक्षात बसले.

संग्रहालय मात्र खरंच छान होतं, उगाच नावं ठेवणार नाही. दांडा हलवला की पाणी चढवणाऱ्या नळ्या, माणूस बुटका दाखवणारे आरसे, भलामोठा ढोल. पिवळा टीशर्ट घातलेली एक ताई दारातच सांगत होती, "इथं कुणी ओरडणार नाही. सगळ्याला हात लावायचा!" कोल्हापूरची पोरं उधळलेल्या वासरांसारखी आत घुसली.

श्रेया दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली. आयुषनं ढोलावर थाप मारली, तशी तिनं त्याच्या हातावर चापट दिली.

"हात लावू नगं. सांडंल."

शब्द तिचे नव्हते, माझे होते. आमच्याकडं घरभर चांदी उघडी पसरलेली असते. मूल रांगायला लागलं की पहिल्यांदा हेच ऐकतं.

"लाव की गं! त्यासाठीच आणलंय न्हवं का?" मी म्हणाले. ती एका बोटानं ढोलाला शिवली आणि बरोबर की चूक ते माझ्या तोंडाकडं बघून ताडू लागली. मला राग आला. कुणाचा, तर तिचाच. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी एका कोपऱ्यात ती आपणहून बसली. तिथल्या टेबलावर ताटात प्लास्टिकच्या रंगीत कड्या होत्या, एकमेकींत अडकवून साखळी करायची. बाकीची पोरं कड्या फेकत होती. श्रेयानं आधी रंग वेगळे केले, मग मान खाली घालून जोडत सुटली. बघता बघता हातभर साखळी झाली, एक कडी उलटी नाही. दोन आया कौतुकानं बघायला थांबल्या. माझीही मान ताठ झाली.

काम संपलं तरी ती लगेच उठली नाही. टेबलावरचं ताट जवळ ओढून तिनं त्यावर फ्रॉक झटकला, मग एकेक बोट झटकलं.

"हे काय गं?" ताईनं हसत विचारलं.

"कीस (चांदीचा चुरा) पडतो न्हवं का मांडीवर. न झटकता उठलं की आई वरडती."

ताईचं हसू थांबलं. "तू घरी हे काम करतेस?"

"व्हय की. शाळंतनं आलो की पैंजणाच्या कड्या जोडतो."

"न्हाय हो ताई," मी मधेच बोलले, "तिच्या पप्पांचं बघून खेळती. एवढ्या पोरीला कामाला कोण लावतंय?"

श्रेयानं माझ्याकडं बघितलं. मग ताईकडं वळून म्हणाली, "व्हय, खेळतो."

ताईला बरं वाटलं. तिनं साखळीसकट श्रेयाचा फोटोही काढला.

दोन वर्षं झाली ती कड्या जोडते. आम्ही त्याला काम म्हणत नाही, हातभार म्हणतो. गल्लीतली सगळी घरं तसंच म्हणतात. मीही त्याच वयात बसले होते आणि माझीही बोटं बघून बायका कौतुक करायच्या.

परतीच्या गाडीत आयुष माझ्या मांडीवर झोपला. मुडशिंगी गेल्यावर मी हळूच विचारलं, "ताईंना खोटं का सांगितलंस?"

"त्या तुला वरडल्या असत्या की," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी तिला खेळायला न्यायला निघाले होते. सात वर्षांच्या पोरीनं तिथं मला पदराखाली घेतलं. असला मोठेपणा मी तिला कधी शिकवला नव्हता. तो ती माझ्यामुळंच शिकली, हे मला कळतं आणि कळून काही उपयोग नाही.

सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी हाक मारली नव्हती. जा, खेळ जा बाहेर, असं अगदी ओठावर आलं होतं. पण बुधवारी माल द्यायचा होता. मी कड्यांचं ताट तिच्यापुढं सरकवलं.