क्रांतीच्या हनुवटीवरचा एक केस

क्रांतीच्या हनुवटीवरचे केस दहा वर्षं मीच काढले. कोपरखैरण्यात माझं घरातलंच पार्लर आहे, आणि ती अकरावीत असल्यापासून दर दुसऱ्या रविवारी यायची. बोलायची अशी, की माझा दोरा थांबायचा. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर माइक तिच्याच हातात असायचा, आणि पोरीनं 'बंधू-भगिनींनो' म्हटलं की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही गप्प होत. फक्त समोर कॅमेरा आला की हिचा हात हनुवटीवर जायचा.

"अरुणाताई, हे कायमचे घालवा ना. पुरुषासारखी दाढी घेऊन कुठे फिरू?"

मला वाईट वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वी मी जुनं लेझर मशीन घेतलं, दोन दिवसांचं शिक्षण घेतलं आणि शहाणी झाले. शिकवणारीनं गोऱ्या मुलीवर करून दाखवलं होतं. क्रांती सावळी, केस जाड. जाड केसाला वॅक्स जरा जोरात ओढावं लागतं, तसंच असेल म्हणून मी पॉवर वाढवली. सावळ्या कातडीला उलट कमी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. वास आला, तो केस जळल्याचा वाटला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण माझ्या खुर्चीत सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. मी बघितलंच नाही. आणि ती बोलली नाही, कारण दहा वर्षं मीच तिला सांगत आले होते, "हलू नकोस, सोस जरा."

रुपयाएवढी जागा खोलवर भाजली. तीन महिन्यांनी कशीबशी भरली, ती पांढरी, चकचकीत, ओढल्यासारखी. तोंड मोठं उघडलं की ताणायची. त्या वर्षी जयंतीला माइकवर दुसरीच मुलगी होती. क्रांती मास्क लावून मागे उभी होती.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेले. मी अगदी आशेनं विचारलं, "मॅडम, लेझरनंच डाग जातो म्हणतात ना?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. लेझर म्हणजे कातडीला मुद्दाम केलेल्या बारीक बारीक जखमा. त्या भरून येतात, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी मूळ पेशी दडलेल्या असतात. जखम झाली की त्या वर सरकतात आणि नवी कातडी तयार करतात.

"हिच्या डागावर एकही केस नाही. मुळंच जळलीत. मी भोकं पाडीन, पण ती भरणार कोण? कडेच्या पेशी येतील तेवढ्याच. एखादा केस उगवला, तर मूळ जिवंत आहे असं समजू. मग बघू."

म्हणजे आम्ही दोघी दहा वर्षं ज्या केसांना शिव्या घालत होतो, तिची कातडी शिवणारे तेच होते. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतरही ती दर रविवारी येत राहिली. मी रिंगलाइट लावायची, भिंग घ्यायची आणि केस शोधायची. रिकामंच दिसायचं.

"आला का हो?"

"बघू पुढच्या वेळी."

गेल्या रविवारी मला दिसला! डागाच्या अगदी मधोमध, काळा, बारीक. मी ओरडलेच. क्रांतीनं आरसा ओढून घेतला, बघितलं आणि किती दिवसांनी मास्कशिवाय खळखळून हसली. "यंदा माइक मी घेते हां, सांगून ठेवा," म्हणाली. मग हळूच बोट लावलं.

केस बोटाबरोबर निघून आला. डोक्यावरच्या केसाचा तुटून पडलेला तुकडा होता.

तिनं तो बोटावर धरून नीट बघितला, फुंकर मारली आणि मास्क चढवला.

"अरुणाताई, आता पुरे. तुम्ही माझ्यावर रागावू नका, पण मी नाही येणार."

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. आज रविवार आहे आणि मी रिंगलाइट लावलेला नाही.